पावसाळ्यात कॅमेरा ठेवायचा कुठे?

आम्ही कोकणातले. घरातला कॅमेरा मामूंनी कुवेतहून आणलेला. आपाच्या निकाहचे सगळे फोटो त्याच्यातलेच. म्हणून चामड्याच्या केसात घालून, कपाटात कपड्यांखाली आम्ही तो जिवापाड जपला. पावसाळा सरल्यावर काढून पाहतो तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे! दुरुस्तीवाल्याने बुरशी पुसली, पण डाग राहिलाच. बुरशीतून निघणारे आम्ल काचेवरचा लेप खाते, तो परत येत नाही.

चूक आमचीच. चामडे ओल धरते आणि बुरशीला खाद्यही पुरवते. अंधारे बंद कपाट तर तिचे माहेरच. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकली की ती वाढू लागते. आपल्याकडे जुलैत ती ८० च्या वरच असते.

आता घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लॅस्टिकचा डबा आणला आहे. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटासा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० मध्ये हवा. फार कोरडेही नको, आतले वंगण सुकते. दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरतो. बॅटरी काढून ठेवतो. अम्मी म्हणत होत्या, तांदळात पुरून ठेवा. पण तांदळाची पूड आत शिरते, तेव्हा तांदूळ बिर्याणीलाच बरे!

डागाळलेले भिंग टाकले नाही, वेगळ्या डब्यात ठेवले आहे. उजेडासमोर धरले तरच त्याचा फोटो धुरकट येतो. भाचीच्या अकीक्याचे फोटो त्यानेच काढले, खिडकीकडे पाठ करून.