सेट–८

कोशिकेच्या केंद्रकातील एक एंझाइम (जीवरासायनिक विक्रियांची गती वाढविणारे प्रथिन). गुणसूत्रे ज्या द्रव्याची बनलेली असतात त्यास क्रोमॅटिन म्हणतात. त्यात डीएनएच्या सुमारे १४७ क्षारक-जोड्यांचा धागा आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती वेढलेला असतो. या गाभ्यातील एच–४ हिस्टोनाच्या विसाव्या स्थानावरील लायसीन या ॲमिनो अम्लास एकच मिथिल गट जोडणे, हे सेट–८ चे प्रमुख कार्य होय. हे एंझाइम २००२ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक-गटांनी स्वतंत्रपणे वेगळे केले. पीआर–सेट७ हे त्याचे दुसरे नाव होय.

मिथिल गटाच्या या खुणेमुळे क्रोमॅटिन घट्ट होण्यास मदत होते. कोशिकाविभाजनात असा घट्टपणा हवाच असतो. परंतु डीएनएची प्रतिकृती तयार होत असताना (एस अवस्थेत) तो घातक ठरतो. म्हणून या अवस्थेत एंझाइम केवळ निष्क्रिय न करता पूर्णपणे नष्ट केले जाते. त्याची रीत लक्षणीय आहे. प्रतिकृती करणाऱ्या यंत्रणेत पीसीएनए हे कड्यासारखे प्रथिन डीएनएवर चढलेले असते. सेट–८ त्यास चिकटले, की सीआरएल४–सीडीटी२ हे एंझाइम-संकुल त्यावर युबिक्विटिन या लहान प्रथिनाची साखळी बसविते व प्रोटिॲसोम ही विघटन-यंत्रणा त्याचे तुकडे करते. म्हणजे प्रतिकृतीचे साधनच येथे विनाशाची खूण ठरते. जंबुपार किरणांनी इजा झालेल्या डीएनएच्या दुरुस्तीतही पीसीएनए भाग घेते. तेव्हाही सेट–८ असेच नाहीसे होते.

पीसीएनएला चिकटू न शकणारे सेट–८ कोशिकांत घातले असता प्रतिकृती एकाच चक्रात पुन्हा सुरू होते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. उलट, या एंझाइमाचा अभाव असलेले उंदरांचे भ्रूण आठ कोशिकांची अवस्था गाठण्यापूर्वीच मरतात.

एस अवस्था संपल्यावर सेट–८ चे प्रमाण वाढू लागते. विभाजनाच्या वेळी सीडीके१–सायक्लीन बी हे संकुल त्याच्या एकोणतिसाव्या स्थानावरील सेरीनास फॉस्फेट गट जोडते. त्यामुळे ते गुणसूत्रांपासून सुटते, पण विघटनापासून बचावते. विभाजनाच्या अखेरीस सीडीसी१४ ही एंझाइमे हा गट काढून घेतात आणि एपीसी–सीडीएच१ या दुसऱ्या युबिक्विटिन-संकुलाकरवी सेट–८ चा ऱ्हास होतो. मागे राहिलेल्या खुणेवर सुव्ह४–२०एच ही एंझाइमे पुढे आणखी मिथिल गट चढवितात.