वळवाच्या विजा आणि पंपाची पेटी: एसपीडी घेताना कोणता आकडा बघायचा?



वळीव सुरू झाला की फोन येतात, "कंट्रोलर गेला, पण एमसीबी तर पडलीच नाही." ती पडणार नाहीच. एमसीबी जास्त करंटवर पडते आणि तिला मिलिसेकंद लागतात. जवळपास वीज कोसळल्यावर तारेतून येणारा झटका मायक्रोसेकंदांत काम उरकतो. तो अर्थिंगमध्ये उतरवायला एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्टर लागतो.

दुकानदार एकच आकडा सांगतो, "४० केएचा घ्या." हा आय-मॅक्स, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती झटका झेलेल तो. पुन्हा पुन्हा किती झेलेल ते आय-एन सांगतो, तो बहुधा २० असतो. पण कंट्रोलर वाचणार की नाही हे *यूपी* वर ठरतं: झटका उतरवूनही मशीनपर्यंत किती व्होल्टेज पोचतं. हा आकडा जितका कमी तितका चांगला. इलेक्ट्रॉनिक कार्ड असेल तर १.५ केव्ही किंवा त्याखालीच घ्या.

दुसरा आकडा *यूसी*, एसपीडी कायम सहन करेल ते व्होल्टेज. आपल्याकडे २३० म्हणतात, पण रात्री लोड उतरला की २५०-२६० सुद्धा दिसतं. २७५ चा एसपीडी तिथे काठावर राहतो, ३२० चा घ्या.

सोलर पंपवाल्यांनी विशेष लक्ष द्या. पॅनलच्या बाजूला एसीचा एसपीडी चालत नाही, डीसीचाच हवा. पॅनलमागच्या लेबलवर व्हीओसी असतो. ४५ व्होल्टचे १० पॅनल सिरीजमध्ये म्हणजे ४५०, थंडीच्या सकाळी त्याहून जास्त. तिथे यूसी ६०० चा लागेल.

पेटीत टाइप २ पुरतो. शेडवर वीजरोधक सळई असेल तर मात्र मेनला टाइप १+२ बसवा.

वायरमनला दोन गोष्टी सांगा. फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थपट्टीपर्यंत मिळून वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवायची, गुंडाळी करायची नाही. आणि अर्थिंगचा खड्डा आधी तपासायचा. अर्थिंग नसेल तर एसपीडी नुसता शोभेचा! खिडकी हिरवीची लाल झाली की कार्ट्रिज बदला.

न्यूट्रल तुटून व्होल्टेज वाढलं किंवा एक फेज गेला तर एसपीडी काही करत नाही, त्याला वेगळा प्रिव्हेंटर लागतो. वीज थेट पंपावर पडली तर तोही वाचवेल याची खात्री नाही. म्हणून आभाळ भरून येताना, गडगडाट व्हायच्या आधीच मेन स्विच पाडून घरी या. गडगडाट सुरू झाल्यावर पेटीकडे जाऊ नका.

घेण्याआधी एसपीडीच्या लेबलचा फोटो याच नंबरवर पाठवा, आकडे बघून कळवतो.