विहिरीतल्या मीटरचे महिने

पावसाळा सरला की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कर्मचारी निरीक्षण विहिरींत टेप सोडतात. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा वर्षातून चार मोजण्या होतात. प्रशासनाच्या दृष्टीने ऑक्टोबरची सर्वांत मोलाची. मोटार चालू असताना घेतलेले माप कुचकामी ठरते. उपसा थांबून पाणी स्थिरावलेले असावे लागते आणि टेपवरच्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करावी लागते. पाणी जमिनीपासून किती मीटर खाली, एवढेच वहीत उतरते.

परभणी–पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीच्या परिसरात वर काळी माती, खाली काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. पाणी साठते ते मुरमात आणि दगडाच्या भेगांत. त्यामुळे एकाच बांधाच्या अलीकडच्या-पलीकडच्या विहिरींनाही सारखे पाणी नसते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. कचेरीत मात्र सांगावे लागते. भेगा, पाझर आणि खडकाची साठवणक्षमता समजावत बसले, तर बैठक संपते आणि टँकरचा निर्णय राहून जातो.

त्यावर काढलेली तोड साधी आहे. विहिरीची ऑक्टोबरची पातळी तिच्याच मागच्या 5 वर्षांच्या सरासरीशी ताडायची. तालुक्यात पावसाची तूट 20 टक्क्यांहून अधिक असेल आणि पातळी 3 मीटरपेक्षा जास्त खाली गेली असेल, तर टंचाई ऑक्टोबरपासूनच धरायची. घट 2 ते 3 मीटर असेल तर जानेवारीपासून, 1 ते 2 मीटर असेल तर एप्रिलपासून. यावरून तयार होणाऱ्या संभाव्य पाणीटंचाई अहवालाची सारी ताकद या रूपांतरात आहे. मीटरवरून तहसीलदाराला काही ठरवता येत नाही. महिना कळला की विहीर अधिग्रहण, नळयोजनेची दुरुस्ती आणि टँकर यांची तरतूद टंचाई कृती आराखड्यात घालता येते.

सोपेपणाची किंमतही मोजावी लागते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले की लाभक्षेत्रातल्या विहिरी वर येतात. त्याच तालुक्यातल्या कोरडवाहू गावांच्या आटत जातात. तालुक्याच्या सरासरीत दोन्ही मिसळतात. अहवालासोबत असा फरक शेऱ्यात लिहिणारा भूवैज्ञानिक खरा कामाचा, पण तक्त्यात शेऱ्याला जागा थोडीच असते. अहवालातून सुटलेल्या गावाला ग्रामपंचायतीचा ठराव द्यावा लागतो आणि तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांच्या संयुक्त पाहणीनंतरच टँकर मिळतो.