स्क्रिप्ट चुकली तर चुकू दे, ॲप पडता कामा नये

आजचा भाग बसमध्ये उभ्याने ऐकत असाल तरी चालेल, मी कोड वाचून दाखवणार नाहीये. विषय आहे डेस्कटॉप ॲपच्या पोटात स्क्रिप्टिंग भाषा कशी बसवायची, आणि बसवल्यावर ती रुसली तर काय करायचं.

आधी हे लागतंच कशाला? समजा तुम्ही दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवलंय, सी प्लस प्लसमध्ये. एका दुकानदाराला दहा नगांवर एक फुकट द्यायचाय, दुसऱ्याला फक्त जुन्या गिऱ्हाइकांना सूट द्यायचीय. प्रत्येकासाठी नवीन बिल्ड काढत बसलात तर संपलंच. त्यापेक्षा सवलतीचा नियम एका छोट्या स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवायचा आणि ॲपने ती फाइल चालवायची. व्हीएलसी प्लेअर, वायरशार्क, ॲडोबी लाइटरूम आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम, या सगळ्यांनी हेच केलंय. आणि चौघांनी भाषा निवडली तीच, लुआ.

लुआ 1993 मध्ये ब्राझीलमध्ये, रिओच्या पीयूसी विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. ती शुद्ध सीमध्ये लिहिलेली आहे आणि दुसऱ्याच्या घरात राहायचं हे गृहीत धरूनच बनवलेली आहे. पायथनही बसवता येतं, ब्लेंडरने बसवलंय. पण पायथनबरोबर त्याची अख्खी स्टँडर्ड लायब्ररी सांभाळावी लागते. छोट्या ॲपला माझं मत लुआलाच.

आता मुख्य गोष्ट, स्टॅक. लुआ आणि सी एकमेकांच्या मेमरीत थेट हात घालत नाहीत. खानावळीत स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधे खिडकी असते ना, तसं. ताटं तिथेच ठेवायची आणि तिथूनच उचलायची. सवलतीचं फंक्शन बोलवायचं तर आधी फंक्शन स्टॅकवर ठेवा, मग किंमत, मग नग. कॉल झाला की या तिन्ही गोष्टी जातात आणि एक उत्तर उरतं. ते वाचून झालं की उचलून टाकायची जबाबदारी तुमची.

इथेच पहिला बग राहतो. समजा उत्तर कोणी उचललंच नाही. प्रत्येक ओळीमागे एक ताट खिडकीत साठत जातं. सकाळी सगळं ठीक, दुपारपर्यंत ॲप मेमरी खात सुटतं. कारण स्टॅकवर पडून असलेली गोष्ट लुआचा गार्बेज कलेक्टर साफ करत नाही, त्याच्या दृष्टीने ती वापरात आहे. याहून वाईट म्हणजे, सीमधून लिहिलेल्या फंक्शनला लुआ फक्त 20 रिकाम्या जागांची हमी देतं. जास्त हव्या असतील तर चेकस्टॅक म्हणून आधी मागून घ्यायच्या. न मागता ढकलत राहिलात तर लुआ तुम्हाला अडवत नाही, शेजारच्या मेमरीवर लिहिलं जातं आणि ॲप भलत्याच ठिकाणी मरतं. ज्या ओळीवर क्रॅश दिसतो तिचा बिचारीचा काही संबंध नसतो.

शोधायचं कसं? कॉलच्या आधी गेटटॉप विचारा, नंतर परत विचारा. आकडा तोच यायला हवा. दुसरं, डीबग बिल्डमध्ये लुआ स्वतः कंपाइल करताना एपीआय-चेकचा फ्लॅग चालू करा. मग लुआ चुकीचा वापर तिथल्या तिथे पकडतं. हा फ्लॅग एरवी बंद असतो, आणि तो आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता एरर. स्क्रिप्ट लिहिणारा दुकानदाराचा भाचा असतो, तो चुका करणारच. लुआमध्ये फंक्शन बोलवायचे दोन मार्ग आहेत, कॉल आणि पीकॉल. पी म्हणजे प्रोटेक्टेड. साधा कॉल वापरला आणि वरती कुठेही पीकॉल नसेल, तर स्क्रिप्टमधल्या एका फुटकळ चुकीने पॅनिक फंक्शन चालतं आणि मग थेट ॲबॉर्ट. अख्खं ॲप बंद, सेव्ह न केलेलं बिल गेलं. पीकॉल असेल तर शून्य म्हणजे यश, 2 म्हणजे चालताना आलेली एरर, 4 म्हणजे मेमरी संपली. फाइल लोड करतानाच 3 आला तर व्याकरणाची चूक.

पीकॉलला एक मेसेज हँडलरही देता येतो. तो द्याच. कारण पीकॉल परत येईपर्यंत स्क्रिप्टचा कॉल स्टॅक उलगडून गेलेला असतो. कोणी कोणाला बोलावलं होतं हे कळायची एकमेव वेळ हँडलरच्या आत असते. तिथे ट्रेसबॅक काढून लॉगमध्ये टाकायचा. आणि हो, विंडोजवर ग्राफिकल ॲपला कन्सोल नसतो, त्यामुळे स्क्रिप्टमधला प्रिंट हवेत विरतो. “काहीच दिसत नाही” ही तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते. प्रिंट बदलून तुमच्या लॉगकडे वळवा.

सी प्लस प्लसवाल्यांसाठी एक खास सापळा. सी म्हणून कंपाइल केलेलं लुआ एरर आली की लाँगजंप मारतं. मधल्या ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालतील याचा भरवसा नाही, म्हणजे उघडी फाइल उघडीच राहू शकते, लॉक अडकून राहू शकतो. लुआ सी प्लस प्लस म्हणून कंपाइल केलं तर ते एक्सेप्शन वापरतं आणि हा त्रास मिटतो.

आता आपल्याकडचा हमखास बग. गिऱ्हाइकाने फोल्डरला मराठीत नाव दिलं, “हिशोब”. स्क्रिप्ट सापडतच नाही! फाइल तर समोर दिसतेय. लुआ फाइल उघडायला सीचं साधं एफओपन वापरतं, आणि विंडोजवर ते जुन्या कोडपेजनुसार नाव वाचतं, त्यात देवनागरी बसत नाही. मग उपाय काय, तर फाइल तुम्ही स्वतः विंडोजच्या युनिकोड फंक्शनने वाचायची आणि मजकूर लोडबफरला द्यायचा. हे केलं की लगेच दुसरा बग डोकं वर काढतो, पहिल्याच ओळीवर सिंटॅक्स एरर. का? तर नोटपॅडने फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट, म्हणजे बीओएम, टाकलेले असू शकतात. लुआ 5.2 पासून लोडफाइल ते स्वतः गाळतं, लोडबफर गाळत नाही. ते तीन बाइट तुम्हीच सोडून द्या. आणि जाता जाता, लुआला “हिशोब” या शब्दाची लांबी विचारलीत तर उत्तर 15 येईल, कारण ते बाइट मोजतं.

स्क्रिप्ट अनंत लूपमध्ये गेली तर खिडकी गोठते. त्यासाठी काउंट हुक लावा, दर दहा हजार इन्स्ट्रक्शननंतर घड्याळ बघा, वेळ संपली असेल तर एरर फेका. पण स्क्रिप्टने एखादं सीमध्ये लिहिलेलं फंक्शन बोलावलं आणि तेच अडकलं, तर हुक तिथे पोचत नाही. आणि ओएस, आयओ या लायब्ऱ्या सरसकट उघड्या ठेवू नका. बाहेरून आलेल्या सवलतीच्या नियमाला हार्डडिस्कवरच्या फाइल पुसायचं काय काम?

शेवटचा मुद्दा, जो ट्यूटोरियलमध्ये मला फारसा दिसत नाही. पीकॉलने ॲप वाचतं, बिल वाचतंच असं नाही. चाळीस ओळींच्या बिलात तेविसाव्या ओळीवर एरर आली, तर पहिल्या बावीस ओळींना सूट लागलेली असते आणि उरलेल्यांना नाही. ॲप ठणठणीत, बिल चुकीचं, आणि कोणाला पत्ताही नाही. म्हणून स्क्रिप्टला मूळ बिल द्यायचंच नाही, त्याची प्रत द्यायची. पीकॉलने शून्य दिला तरच प्रत मूळ जागी ठेवायची, नाहीतर फेकून द्यायची आणि स्क्रीनवर मराठीत सरळ लिहायचं: सवलतीचा नियम चालला नाही, बिल आधीसारखंच आहे.