ऑपरेशन करायचं का? पन्नास वर्षांत बदललेलं उत्तर

राज्यभरातल्या अनेक डॉक्टरांच्या पदव्या ज्या विद्यापीठातून निघतात, ते 1998 मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकहून दिंडोरीला जाणाऱ्या रस्त्यावर म्हसरूळला आहे. याच रस्त्यावरून द्राक्षांच्या पिकअप, वणीच्या देवीला निघालेले भाविक आणि बिनहेल्मेटच्या दुचाक्या धावतात. डोक्याला मार लागलेल्या माणसाला दिंडोरीच्या ग्रामीण रुग्णालयातून नाशिकला आणि तिथे भागलं नाही तर मुंबईला हलवायचं, ही वाट जुनीच. ‘ऑपरेशन करायचं का?’ हा घरच्यांपुढचा प्रश्नही जुनाच. उत्तर मात्र पार बदललं.

1971 साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. त्याआधी मेंदूत रक्त साकळलंय का, हे रुग्णाच्या बाहुल्या, अँजिओग्राफी आणि कवटीला पाडलेली भोकं यांवरून ताडावं लागे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांच्या पिढीने अशाच अपुऱ्या माहितीवर काम उभं केलं. 1974 मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्धी मोजण्याची पट्टी दिली; तिचे 3 ते 15 गुण पुढे ठरले. त्यामुळे ‘बेशुद्ध आहे’ याऐवजी ‘आठवर आहे’ असं फोनवर सांगता येऊ लागलं. पुढच्याच वर्षी परिणाम मोजायचीही पट्टी आली आणि जगला-वाचला एवढ्यावर हिशेब संपेनासा झाला.

या हिशेबाने काही पक्क्या समजुती मोडल्या. डोक्याला मार म्हटलं की सूज उतरायला स्टेरॉइड, हा अनेक ठिकाणी रिवाज होता. 10,008 रुग्णांच्या क्रॅश चाचणीचा निकाल 2004 मध्ये आला. स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत 21.1 टक्के दगावले, न दिलेल्यांत 17.9 टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

2016 मध्ये आलेला आणखी एका चाचणीचा निकाल अधिक अवघड होता. औषधांनी मेंदूवरचा दाब उतरत नाही, तेव्हा कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात. त्याने दर शंभरांत सुमारे 22 जण जास्त जगले. पण त्या 22 पैकी साधारण सहा जण भान हरपलेल्या अवस्थेत राहिले, आठ जण पूर्ण परावलंबी झाले आणि आठ जण निदान घरातल्या घरात स्वतःचं स्वतः करू लागले. म्हणून ‘वाचेल का?’ याच्या जोडीला ‘वाचला तर कसा राहील?’ हेही विचारायला हवं. रात्री दोन वाजता सही मागणाऱ्या डॉक्टरने ते आपणहून सांगावं.

मणक्याची गोष्ट थोडी निराळी. गावात अजूनही ‘मणक्याला हात लावला की माणूस लुळा’ असं म्हणतात, आणि दुसरीकडे गादी सरकली की लगेच टेबलावर घेणारेही आहेत. 2007 च्या डच अभ्यासात पायात कळ जाणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, निम्म्यांना थांबवलं. लवकर केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्हीकडे सुमारे 95 टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच. लघवी अडली वा नकळत होऊ लागली, पाऊल लटकं पडलं, तर मात्र थांबायचं नसतं.

मणक्याच्या क्षयातही असंच झालं. बनारसच्या डॉ. सु. म. तुली यांनी 1975 मध्ये ‘मधला मार्ग’ मांडला: आधी औषधं, त्याने भागेना तरच चाकू. आणि जिथे चाकूच हवा तिथे हातही पुढे गेला. मानेचे पहिले दोन मणके प्लेट-स्क्रूने जखडायची केईएमच्या डॉ. अतुल गोयल यांची पद्धत 1994 मध्ये प्रसिद्ध झाली. आज ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

दिंडोरीसाठी आणखी दोन तारखा मोलाच्या. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जीवनदायी योजना 2013 च्या अखेरीस राज्यभर लागू झाली, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकण्याखेरीज दुसरी वाट दिसली. 2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका धावू लागली.

तरीही निकालाचा मोठा वाटा रुग्ण टेबलावर पोचण्याआधीच ठरतो. अपघातग्रस्ताला काखेत धरून उचलू नका, मान वाकवू नका, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. 108 ला फोन करा. पहिल्या दवाखान्यातून निघताना शुद्धीचे गुण कागदावर लिहून घ्या आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. मणक्याचं ऑपरेशन घाईचं नाही असं डॉक्टर म्हणत असतील, तर दुसरा सल्ला जरूर घ्या. आणि द्राक्षबागेपर्यंतच जायचं असलं, तरी हेल्मेट घालूनच जा.