फैजपूरचे बांबूचे सभानगर

कायदेमंडळाची वास्तू म्हटली की दगडी कमानी आणि घुमट डोळ्यांसमोर येतात. मुंबई प्रांताचे विधिमंडळ मात्र १९२८ पासून एका जुन्या खलाशी निवासात भरू लागले. वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची ही इमारत १८७६ साली दर्यावर्दींच्या मुक्कामासाठी पूर्ण झाली होती. याच सुमारास खानदेशात विचारविनिमयासाठी एक नगर मुद्दाम उभारले गेले, आणि तेही बांबूचे.

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते आणि स्थानिक व्यवस्थेची धुरा खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरी यांच्या खांद्यावर होती.

खेड्यातील सभेसाठी शहरातून सामान आणावयाचे नाही, असा गांधीजींचा आग्रह होता. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना त्यांनी पाचारण केले. आपण चित्रकार, स्थापत्याशी आपला काय संबंध, असा संकोच नंदबाबूंना वाटला; पण गांधीजींनी ऐकले नाही. म्हात्रे या स्थापत्यतज्ज्ञांच्या साहाय्याने स्थानिक साहित्य व स्थानिक मजूर यांवरच 'टिळकनगर' उभे राहिले.

बांबूची निवड केवळ काटकसरीची नव्हती. तो हलका असतो, वाकतो, दोरीने बांधता येतो आणि काम संपताच सोडवून पुन्हा वापरता येतो. डिसेंबरात पावसाची धास्ती नसल्याने तट्ट्यांचा आडोसाही पुरेसा. पक्क्या इमारतींचा कंत्राटदार अशा कामाकडे फिरकलाही नसता! अध्यक्षांचा रथही साध्या गाडीला सजवून केलेला होता. त्याला सहा बैलजोड्या जुंपल्या होत्या.

या कुडाच्या नगरात झालेले ठराव मात्र कच्चे नव्हते. खंड व कर्जाचा भार कमी करणारा शेतीविषयक कार्यक्रम येथे संमत झाला आणि घटना समितीच्या मागणीचा पुनरुच्चार झाला. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर खेर मंत्रिमंडळ मुंबईच्या त्या खलाशी निवासात कायदे मांडू लागले.

टिळकनगर अधिवेशनानंतर उरले नाही. धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ या काळात महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. तोवर विधिमंडळ खलाशी निवास सोडून नरिमन पॉइंट येथील विधानभवनात आले होते. त्याचे उद्घाटन १९ एप्रिल १९८१ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले.