एक निविदा, अनेक शहरे : बंगळूरच्या वाढीव बसचे गणित

मे २०२५ मध्ये केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाने विजेवर चालणाऱ्या १०,९०० बसचे पाच शहरांतील वाटप जाहीर केले. दिल्लीला २,८००, हैदराबादला २,०००, अहमदाबादला १,००० आणि सुरतला ६०० बस ठरविण्यात आल्या. सर्वांत मोठा वाटा, म्हणजे सुमारे ४,५०० बस, बंगळूरला मिळाला. यासाठी कोणत्याही शहराने स्वतंत्र निविदा काढायची नव्हती. पाचही शहरांची गरज एकत्र करून खरेदीची प्रक्रिया राबविण्याचे काम ‘कन्व्हर्जन्स एनर्जी सर्व्हिसेस लिमिटेड’ अर्थात ‘सीईएसएल’ या सरकारी कंपनीकडे सोपविण्यात आले. बस शहराची, मात्र सौदा सर्वांचा मिळून, अशी ही पद्धत आहे.

दिव्यांपासून बसपर्यंत

‘सीईएसएल’ ही ‘एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड’ची (ईईएसएल) उपकंपनी. ‘ईईएसएल’ने एलईडी दिव्यांच्या घाऊक खरेदीत हेच सूत्र वापरले होते. २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपये असलेला एका दिव्याचा खरेदी दर २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला. मागणी एकत्र आली की उत्पादकाला मोठ्या कामाची खात्री मिळते आणि तो दर कमी करतो, हा त्यातून मिळालेला धडा.

बसच्या बाबतीत प्रारंभी चित्र वेगळे होते. प्रत्येक परिवहन उपक्रम आपापली निविदा काढी. बसची लांबी, तळाची उंची आणि वातानुकूलन यांविषयीच्या अपेक्षा निरनिराळ्या, कराराच्या अटीही निरनिराळ्या. साहजिकच शहरागणिक दर बदलत. २०२२ मध्ये कोलकाता, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० बसची एकत्रित निविदा काढण्यात आली. तीत १२ मीटर लांबीच्या बससाठी किलोमीटरला ४३.४९ रुपये, तर ९ मीटरच्या बससाठी ३९.२१ रुपये असा नीचांकी दर आला. चार्जिंगसाठी लागणाऱ्या विजेचा खर्चही त्यात धरलेला होता.

खरेदी बसची नव्हे, किलोमीटरची

येथे एक बाब लक्षात घ्यावी लागते. या पद्धतीत शहर बस विकत घेत नाही. कंपनी बस आणते, चालक नेमते, देखभाल करते. परिवहन उपक्रम धावलेल्या किलोमीटरनुसार बारा वर्षे पैसे देतो. मार्ग, वेळापत्रक आणि तिकीट दर उपक्रमाच्या हाती राहतात, तिकिटांचे उत्पन्नही त्याच्याच तिजोरीत जाते.

उदाहरणादाखल, ४३.४९ रुपये दराने एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावली, तर उपक्रमाला रोज ८,६९८ रुपये द्यावे लागतात. वर्षभराचा हा आकडा ३१ लाख रुपयांच्या पुढे जातो. बस रिकामी धावली काय किंवा भरून धावली काय, देणे तेच. त्यामुळे दर किलोमीटरमागे एका रुपयाचा फरकही बारा वर्षांत एका बसमागे पावणेनऊ लाख रुपयांच्या घरात जातो. एकत्रित निविदेचे खरे महत्त्व येथे आहे.

बंगळूर महानगर परिवहन महामंडळाने (बीएमटीसी) या निविदेतून ९२१ बसचा करार टाटा मोटर्सच्या उपकंपनीशी केला. त्यातील पहिल्या शंभर बस २६ डिसेंबर २०२३ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या हस्ते रस्त्यावर आल्या. २०२४ मध्ये आणखी १४८ बसची मागणी याच कंपनीकडे नोंदविण्यात आली. कर्नाटकात जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवासाची सोय झाल्याने प्रवासीसंख्या वाढली होती. तेव्हा वाढीव बस ही शोभेची बाब नव्हती, ती निकडीची गरज होती.

पैसे वेळेवर मिळतील काय?

स्वस्त दराला दुसरी बाजूही आहे. बहुतेक परिवहन उपक्रम तोट्यात असल्याने बिले थकण्याची भीती कंपन्यांना आणि त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांना वाटते. ही भीती एक तर वाढीव दरात उमटते, नाही तर कंपन्या निविदेपासून दूर राहतात. यावर उपाय म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटी रुपयांची देयक हमी योजना मंजूर केली. उपक्रमाने पैसे थकविल्यास या निधीतून कंपनीला रक्कम दिली जाते आणि पुढे ती राज्याकडून वसूल होते. म्हणजे शहराची थकबाकी अखेर राज्याच्या माथी येते.

दुसरा प्रश्न एकावरच विसंबण्याचा. दर परवडेनासा झाला तर कंत्राटदार सेवा आवरती घेऊ शकतो. मुंबईत ‘बेस्ट’च्या भाडेतत्त्वावरील एका कंत्राटदाराने २०२२ मध्ये तोट्याचे कारण देऊन बस बंद केल्या, तेव्हा थांब्यांवरील रांगा लांबल्या त्या प्रवाशांच्याच. शिवाय कंपनीचे चालक उपक्रमाच्या थेट सेवेत नसतात. त्यांचे वेतन आणि प्रशिक्षण याकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते.

चाळीस लाखांहून अधिक लोकसंख्येची शहरे ‘पीएम ई-ड्राइव्ह’साठी पात्र असल्याने मुंबई आणि पुणेही त्यात बसतात, मात्र १०,९०० बसच्या या वाटपात ती नव्हती. अशा सामायिक खरेदीत उतरणाऱ्या प्रत्येक शहराने बंगळूरच्या अनुभवातून एवढे तरी ध्यानी घ्यावे की, एकत्रित निविदा दर खाली आणू शकते. आगारात चार्जिंगसाठी जागा आणि वीजजोडणी वेळेत देणे, बिले महिन्याच्या महिन्याला चुकती करणे आणि प्रत्येक फेरीवर देखरेख ठेवणे ही कामे मात्र त्या त्या शहरालाच करावी लागतात. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला निविदेतील दर ठाऊक नसतो. बस वेळेवर आली की नाही, एवढेच तो पाहतो.